खांब काढण्यापूर्वी

विद्यार्थी मित्रहो, दालन प्रशस्त करण्यासाठी मधला खांब काढून तेथे भक्कम तुळई टाकली की काम झाले, असा समज सर्रास आढळतो. माझ्या मते येथे प्रश्न अर्धाच विचारला जातो. तुळई मोडेल काय, एवढेच नव्हे, तर ती किती वाकेल, हेही विचारले पाहिजे.

एक लवचिक पट्टी दोन पुस्तकांवर टेकवा. मध्यभागी लहानसे वजन ठेवून पट्टीला आलेला बाक मोजा. आता पुस्तकांमधील अंतर दुप्पट करा. त्याच वजनाने बाक सुमारे आठपट होईल. इमारतीतील तुळईवर भार सर्व लांबीभर पसरलेला असतो. गाळा दुप्पट झाला की एकूण भारही दुप्पट होतो. म्हणून बाक सोळापट! टोकांवर नुसती टेकलेली ३ मीटरची तुळई ३ मिलिमीटर वाकत असेल, तर तशीच ६ मीटरची तुळई ४८ मिलिमीटर वाकेल. आयएस ४५६ हे भारतीय प्रमाणक सर्वसाधारणपणे गाळ्याच्या अडीचशेव्या भागाइतका, म्हणजे येथे २४ मिलिमीटरच बाक चालवून घेते.

शिवाय सलग तुळईत मधल्या खांबावर ताण वरच्या बाजूस असतो, म्हणून मुख्य सळयाही तेथे वरच घालतात. खांब काढताच ताण खालच्या बाजूस येतो. आणि तेथे पुरेशा सळया असतीलच असे नाही.

नवी पोलादी तुळई घातली तरी तीही वाकल्याखेरीज भार पेलू शकत नाही. स्प्रिंगचा काटा ताणल्याशिवाय वजन दाखवील काय? तुळई वाकेपर्यंत वरचा मजला खाली येतो व भिंतींना तडे जातात. म्हणून जाणकार अभियंता आधी टेकू देतो, जॅकने नवी तुळई हिशेबाइतकी खाली वाकवून घेतो, फटीत पोलादी पट्ट्या ठासतो आणि मगच खांब कापतो.

दक्षिण कोरियातील सोल येथे २९ जून १९९५ रोजी साम्पुंग हे बहुमजली दुकान कोसळून ५०२ माणसे दगावली. सरकत्या जिन्यांसाठी तेथील खांबांना कात्री लावली होती. त्या सकाळी वरच्या मजल्यावर भेगा दिसूनही दुकान चालूच राहिले.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की 'दृढ वस्तू' ही केवळ गणिताची सोय आहे, हे वर्गात आवर्जून सांगावे. आणि मित्रहो, घरात कोणी खांब काढू म्हणाले, तर तुम्ही निःसंकोच विचारा : हिशेब कोणी केला, आणि बाक किती धरला?