बीं कोणाच्या हातीं?

पेरणी तोंडावर आली कीं दिंद्रुडसारख्या गांवांतल्या कुणब्याचें पहिलें कर्ज बियाण्यासाठीं होतें. आमच्या आजोबांच्या वेळीं हा खर्च नव्हता. घरची बाई उभ्या पिकांतून टपोरीं कणसें निवडी, उन्हांत वाळवी, बीं राखेंत मिसळून मडक्यांत भरी व तोंड शेणमातीनें लिंपी. बुरुडाची कणगी, कुंभाराचें मडकें आणि कुणब्याचें बीं असा तिघांचा संसार एकमेकांवर चाले. बीं दुकानांत गेलें तें तिघांनाही बुडवून गेलें.

संकरित कपाशीचें बीं घरीं राखून पेरलें तर पुढील पीक सारखें येत नाहीं. म्हणून दरवर्षीं पाकीट घेणें भाग पडतें. २००२ सालीं बीटी कपाशीस सरकारची परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत गावरान कपाशी आमच्या शेतांतून बहुतेक उठली. पुढें २०१७ सालीं त्याच बीटी कपाशीस महाराष्ट्रभर गुलाबी बोंडअळीनें ग्रासलें. सर्वांच्या शेतांत एकच वाण असला म्हणजे एका किडीनें सर्वांचाच घात होतो. नाना जातींचें बीं राखणें हा गरिबाचा विमा आहे.

अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांस शाळा मिळाली नाहीं. पण त्यांनीं शंभरांहून अधिक गावरान वाण जपले. त्यांस २०२० सालची पद्मश्री मिळाली. ही विद्या पोथींतली नव्हे, राबणाऱ्या हातांची आहे.

कायदाही आपल्या बाजूस आहे. २००१ सालच्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें बीं राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा व विकण्याचा हक्क शेतकऱ्यास दिला आहे. संरक्षित वाण मात्र छापील नांवानें विकतां येत नाहीं. पेप्सिको कंपनीनें २०१९ सालीं गुजराथेंतील बटाटा पिकविणाऱ्यांवर दावे लावले. लोकांनीं ओरड करतांच ते मागें घ्यावे लागले. हक्क ठाऊक असेल तरच तो टिकतो.

तेव्हां बंधुभगिनींनो, येत्या सुगीस ज्वारी, तूर वा मूग यांपैकीं एका तरी गावरान जातीचें बीं घरीं राखा. पेरण्यापूर्वीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवा. सत्तर-पंचाहत्तर उगवले तर बीं चांगलें समजा. त्यांतलें ओंजळभर शेजाऱ्यास द्या. उसनें बीं आणणाऱ्यास सावकाराचें तोंड पाहावें लागतें; कणगींत बीं असलेल्यास फक्त आभाळाचें.