तळ्याच्या पोटातलं खत

पावसात आपल्या आसगावच्या बांधीतून गढूळ पाणी वाहतं ना? तो रंग आपल्याच मातीचा! तिच्यासोबत शेणखतातलं नत्र, स्फुरद, पालाशही तळ्यात जातं.

वर्गात एकाने विचारलं, "गुरुजी, मग तळं आपलं खत खाते का?"

थोडं खातं; पाणवनस्पती त्यावरच वाढतात. त्या कुजल्या की पुन्हा गाळात! भंडाऱ्यात कोहळी समाजाने बांधलेल्या मामा तलावांत (माजी मालगुजारी, म्हणून मामा!) असा गाळ साचत आला. पूर्वी उन्हाळ्यात शेतकरी तो बंडीने बांधीत नेत. पुढे ते कमी झालं. तलाव उथळ झाले, खत विकतचं आलं. २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना निघाली.

आजोबांना विचारा, आपल्या बांधीत शेवटचा गाळ कधी पडला?