कापसाचा क्रमांक एक, ॲक्रिलिकचे तीन



परदेशी माल बंदरात उतरला की कस्टमचा पहिला प्रश्न असतो, याचा क्रमांक काय? जकात किती, हे त्या क्रमांकावरून ठरते. ही यादी ब्रुसेल्सला तयार झाली, १ जानेवारी १९८८ पासून लागू झाली आणि आज जगाचा बहुतेक सारा व्यापार तिच्यावर चालतो. त्या यादीत आपली ज्वारी १००७ आहे, आपला कापूस ५२०१ आहे.

कृषी महाविद्यालयात आम्ही कापसाच्या धाग्याची लांबी मोजायला शिकलो. या यादीवर मात्र कोणी एक तास घेतला नाही. कारखानदाराला ती पाठ असते. म्हणून आज ॲक्रिलिकचा धडा घेऊ.

ॲक्रिलिक हा पेट्रोलियमच्या रसायनापासून केलेला, लोकरीसारखा दिसणारा कृत्रिम धागा. लुधियानाचे स्वेटर आणि बाजारातली स्वस्त ब्लँकेटे त्याचीच. त्याची पहिली स्पर्धा लोकरीशी. कापसाशी ती होते मिश्रणाच्या सुतात. कारखान्यातून अखंड तंतूंचा जाड पेड निघतो, त्याचा क्रमांक ५५०१. तो आखूड कापला की ५५०३. पिंजून, विंचरून कताईसाठी तयार केला की ५५०६, आणि त्यात ॲक्रिलिकचा पोटक्रमांक ५५०६३०. धागा तोच, पण प्रक्रियेची पायरी बदलली की क्रमांक बदलला. क्रमांक वेगळा म्हणजे जकातही वेगळी ठेवता येते. ज्या पायरीचा कारखाना राखायचा, ती पायरी राखता येते.

आता कापूस पाहा. सरकीसकट वेचलेला कापूस आणि जिनिंगमधून निघालेली रुई, दोन्ही ५२०१ मध्येच. पिंजल्या-विंचरल्यावर मग तो ५२०३ होतो. म्हणजे शेत आणि जिन यांच्यामधली पायरी या यादीतल्या चार आकड्यांना दिसतच नाही. मिश्रणाचा नियम तर आणखी पाहण्यासारखा. ज्या धाग्याचे वजन जास्त, त्याच्या नावाने माल जातो. दोन्हींचे वजन सारखे असेल, तर यादीत जो क्रमांक शेवटी येतो तो लागतो. निम्मा कापूस आणि निम्मे आखूड ॲक्रिलिक असलेले सूत या नियमाने कापसाचे राहत नाही, कृत्रिम धाग्याचे होते.

पण आमची खरी तक्रार क्रमांकांबद्दल नाही. क्रमांकामागच्या वागणुकीबद्दल आहे.

थायलंड आणि दक्षिण कोरियाचे ॲक्रिलिक पडत्या भावात येते, अशी तक्रार देशी कारखानदारांनी १९९० च्या दशकात केली. रीतसर चौकशी झाली. नोटीस निघाली, खर्चाचे हिशेब तपासले, दोन्ही बाजू ऐकल्या आणि मग डंपिंगविरोधी शुल्क लागले. असे शुल्क एका वेळी पाच वर्षांपर्यंत टिकते. मुदत सरत आली की फेरचौकशी होते. ॲक्रिलिकचे शुल्क अशा फेरचौकशीनंतर पुढेही वाढवले गेले. कारखानदाराला संरक्षण मिळाले, याचे आम्हाला दुःख नाही. त्याला विचारले गेले, ही गोष्ट आम्ही लक्षात ठेवतो.

कापूस उत्पादकाला कोणी विचारले? ५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात तडकाफडकी बंद झाली. सुनावणी नाही, मुदत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये आयातीवर सारे मिळून ११ टक्के शुल्क लागले. एप्रिल २०२२ मध्ये ते काही महिन्यांसाठी उठवले. १९ ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा उठवले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणून, मग ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेने शुल्क वाढवल्यामुळे कापड निर्यातदार अडचणीत होते, हे खरे. पण त्यांची अडचण सोडवायला नेमके आपल्या वेचणीचे महिने सापडले. पेरणीच्या वेळी मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला होता. बियाणे आणि खत त्या भरवशावर जमिनीत गेले. सीतादही करून पहिला कापूस घरी आणायच्या वेळी बंदराचे दार उघडे होते.

आयात बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. भाव चढले की निर्यात बंद आणि भाव पडायच्या बेतात असले की आयात खुली, असे दार एकाच बाजूला उघडते. त्याला खुला व्यापार म्हणत नाहीत. दार उघडे ठेवायचे तर दोन्ही बाजूंनी ठेवा.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन मागण्या ठेवत आहोत. एक, कापसाच्या आयात-निर्यातीचे शुल्क पेरणीपूर्वी जाहीर व्हावे आणि हंगाम संपेपर्यंत बदलू नये. दोन, बदलायचेच असेल तर ॲक्रिलिकच्या कारखान्याला मिळते तशी नोटीस आणि सुनावणी कापूस उत्पादकालाही मिळावी. तीन, मधेच शुल्क उठवून हमीभावाखाली भाव गेला, तर फरक सरकारने भरावा.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने गेल्या हंगामाच्या कापसाच्या पट्ट्या आणाव्यात. तारीख, वजन आणि मिळालेला भाव त्यावर असतोच. ऑगस्टनंतर भाव कसा हलला, हे आपल्याच कागदावरून मांडू. कारखानदार सुनावणीला हिशेब घेऊन जातो. आपणही हिशेब घेऊनच जायचे.