घाबरलेला योहान

पाणबुडीच्या कथेत शौर्य दाखवणं अवघड, कारण ऐन संकटात तिथे करण्यासारखं फारसं उरतच नाही. वर विनाशिका घिरट्या घालते, डेप्थ चार्ज फुटत राहतात आणि खाली पन्नासेक माणसं खोकलाही दाबून बसतात. लोथार-ग्युंथर बुखहाइम १९४१मध्ये युद्धवार्ताहर म्हणून ‘यू-९६’ या जर्मन पाणबुडीवर होता. त्या अनुभवावर त्याने १९७३मध्ये ‘दास बोट’ ही कादंबरी लिहिली. १९८१मध्ये वोल्फगांग पीटरसनने त्यावर चित्रपट काढला. त्यातला इंजिनांवरचा मुरलेला योहान माऱ्याखाली कोलमडतो, जागा सोडतो. कप्तान पिस्तूल आणायला धावतो. पुढे जिब्राल्टरपाशी पाणबुडी तळाला टेकते, तेव्हा हाच योहान पाण्यात शिरून गळती बुजवतो. त्याची भीती आधी पाहिली म्हणूनच हे धैर्य पटतं. न घाबरणारा नायक पडद्यावर शोभतो, पाणबुडीत नाही.

शौर्य कुणाचं, हेही खरं सांगायला हवं. ‘यू-५७१’ (२०००) या चित्रपटात मात्र जर्मनांचं गुप्त संदेशांचं एनिग्मा यंत्र अमेरिकी खलाशी मिळवतात. प्रत्यक्षात मे १९४१मध्ये ‘यू-११०’वरून ते ब्रिटिशांनी आणलं, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. ऑक्टोबर १९४२मध्ये बुडत्या ‘यू-५५९’मधून सांकेतिक पुस्तकं काढताना फॅसन आणि ग्रेझियर हे ब्रिटिश नौसैनिक तिच्यासकट तळाला गेले. कथाकाराला सूट हवी, हे कबूल. ‘दास बोट’चा कप्तान शेवटी मरतो, ‘यू-९६’चा खरा कप्तान युद्धातून वाचला आणि याच चित्रपटाला सल्ला द्यायला आला. पण एखाद्याचं नशीब बदलणं वेगळं आणि मेलेल्यांचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर चढवणं वेगळं.

‘दास बोट’वर याहून टोकदार आक्षेप असा, की ही तर हिटलरच्या नौदलाची माणसं, त्यांच्यासाठी हळहळायचं कशाला? सुमारे ४०,००० जर्मन पाणबुडी-सैनिकांपैकी ३०,००० परतले नाहीत, असं चित्रपट सुरुवातीलाच सांगतो. तेवढ्यावर थांबला असता, तर आक्षेप खराच ठरला असता. पण त्यात एक पेटलेलं तेलवाहू जहाज आहे. त्यावर अजून माणसं आहेत, हे खूप उशिरा कळतं. ती पाण्यात उड्या मारून पाणबुडीकडे पोहत येतात आणि कप्तान पाणबुडी मागे घ्यायला सांगतो. त्या महायुद्धात ब्रिटिश मालवाहू जहाजांच्या डेकवर रत्नागिरीकडचे आणि भटारखान्यात गोव्याचे खलाशी होते. त्यांतले कितीतरी असेच बुडाले. वरचे हे जीव ज्या पाणबुडीकथेत दिसत नाहीत, तिच्यातलं शौर्य मला अर्धंच वाटतं.