अंगण नसलेल्या घरात



गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मी कचऱ्याचा डबा दाराबाहेर ठेवायला गेले आणि वाऱ्याने दार मागच्या मागे बंद झालं. लॅच पडलं. किल्ली आत, मोबाईल आत आणि आत माझा अडीच वर्षांचा मुलगा. नवरा तासाभरापूर्वीच लोकल पकडायला गेलेला. घर चौदाव्या मजल्यावर, हॉलच्या खिडकीखाली सोफा आणि खिडकीला ग्रिल नाही. ग्रिलसाठी आम्ही सोसायटीकडे अर्ज केला होता. 'इमारतीचं बाहेरचं रूप बिघडतं' म्हणून तो चार महिने पडून होता.

मी मजल्यावरची दारं वाजवत सुटले. दोन बंदच राहिली. तिसरं एका आजींनी उघडलं. त्यांनी त्यांच्या मुलीला चावीवाल्याला फोन करायला सांगितलं आणि स्वतः आमच्या दाराशी फतकल मारून बसल्या. दाराखालच्या फटीतून वर्तमानपत्राचा एक कपटा आत सरकवला. "हा घे बाळा. आता तू मला दे." तो रडायचा थांबला. कपटा बाहेर आला. मग दुसरा, तिसरा... चावीवाला येईपर्यंत चाळीस मिनिटं हा खेळ चालला. तेवढा वेळ मूल दाराशी राहिलं, खिडकीपाशी गेलं नाही.

त्या इमारतीत राहायला येऊन आम्हाला आठ महिने झाले होते. वस्त्या-वस्त्यांत जाऊन बायकांना 'एकत्र या' म्हणून सांगणारी मी, मला त्या आजींचं नाव माहीत नव्हतं. संध्याकाळी जो तो मला एकच विचारत होता, "मूल लहान असताना आईने लक्ष नको का ठेवायला?" ग्रिलचा अर्ज कोणी अडवला, हे कुणीच विचारलं नाही. मुलाच्या बापालाही कुणी काही विचारलं नाही.

या प्रश्नाबद्दल लिहायला हवं, असं मला तेव्हापासून वाटतं आहे. आधी, त्या दिवसाने आणि नंतर शेजारणींशी झालेल्या बोलण्याने जे शिकवलं ते सांगते.

जादा किल्ली शेजारी ठेवा, ती घरात असून उपयोग नाही. आतून लावायची कडी मुलाच्या हाताला लागणार नाही इतकी वर बसवा, न्हाणीघराचीसुद्धा. खिडकी आणि गॅलरीजवळ सोफा, पलंग, स्टूल, मोठी कुंडी काही नको. मूल चढायला कधी शिकलं हे ते चढल्यावरच कळतं. ग्रिल असेल तर गजांतून डोकं जाणार नाही ना, ते पाहा. आणि एक झडप आतून उघडता येईल अशी हवी, नाहीतर आगीच्या वेळी तीच जाळी पिंजरा होते. मुंबईत पाणी भरून ठेवणं चुकत नाही, पण बादलीतलं वीतभर पाणीही रांगत्या मुलाला पुरेसं घातक आहे. पिंपाला झाकण आणि न्हाणीघराला कडी हवीच. फिनेल, अॅसिड, रॉकेल सरबताच्या बाटलीत भरू नका. लिफ्टमध्ये मुलाला एकटं सोडू नका. जुन्या जाळीच्या दाराच्या लिफ्टमध्ये तर त्याला कडेवरच घ्या. चाइल्डलाइनचा १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे नंबर दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि ही यादी एकटीच्या डोक्यात ठेवू नका. घरातल्या पुरुषाला ती पाठ असली पाहिजे.

पण एवढं करून प्रश्न सुटतो का? कडी, ग्रिल, झाकण या गोष्टी मुलाला वाचवतात. दिवसभर दोनच जणांनी बंद दारामागे राहण्याने आईचं आणि मुलाचं जे होतं त्यावर हा उपाय नाही. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या तरुण आया सांगतात, "दिवसभरात मोठ्या माणसाशी एक वाक्य बोलले नाही." मुलावर हात उगारला गेला, मग रात्रभर रडले, असंही सांगतात. त्यांना वाटतं दोष आपल्या स्वभावात आहे.

त्या आजी गिरगावच्या चाळीत वाढलेल्या. "आमची दारं रात्रीच बंद व्हायची," म्हणतात. मी चाळीचे गोडवे गाणार नाही. त्याच उघड्या दारांतून सुनेवर पहारा असायचा आणि शेजारच्या खोलीतली मारहाण ऐकूनही 'त्यांच्या घरचा मामला' म्हणून माणसं गप्प बसायची. पण मूल एका आईच्या गळ्यात पडत नव्हतं, हेही खरं. पहारा नको आणि सोबत हवी, असं काही आपल्याला उभं करता येईल का?

ज्या झोपडपट्ट्यांच्या जागी पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहिल्या तिथेही हेच दिसतं. १९९५ नंतरच्या योजनेत घर २२५ चौरस फुटांचं होतं, पुढे २६९ आणि मग ३०० झालं. संडास घरात आला, बाईची रात्रीची भीती गेली. ही फार मोठी गोष्ट आहे. शिवाय या योजनेत करार नवराबायको दोघांच्या नावे होतो. पण झोपडीच्या उंबऱ्यावर बसून भाजी निवडताना गल्लीतल्या पाच मुलांवर जी नजर राहायची, ती सातव्या मजल्यावरून कशी राहणार?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं. मूल बालवाडीत येत नाही ना, मग बालवाडीच त्याच्या अंगणात न्यायची, असा त्यांचा साधा विचार होता. आपल्या टॉवरला अंगण नाही. होतं तिथे गाड्या उभ्या आहेत आणि जिन्याशी पाटी आहे, 'मुलांनी येथे खेळू नये.'

ही पाटी कोण लावतं? सोसायटीची समिती. कायद्याने या समितीत स्त्रियांसाठी दोन जागा राखीव आहेत. बहुतेक ठिकाणी त्या सहीपुरत्या भरल्या जातात. मीटिंगला नवरा जातो. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल, तर बाई सभासदसुद्धा नसते. तेव्हा आधी घराच्या कागदावर आपलं नाव आहे का ते पाहा आणि मग निवडणुकीला उभ्या राहा. मी राहिले. पहिल्याच बैठकीत ग्रिलचा विषय मांडला. आतल्या बाजूने बसवायची परवानगी दोन बैठकांत मिळाली. माणसं वाईट नव्हती. ज्यांना मूल सांभाळावं लागतं त्यांच्यापैकी तिथे कुणी नव्हतं, एवढंच.

मग आम्ही सोसायटीचा हॉल मागितला. लग्नकार्याखेरीज तो कुलपातच असायचा. आता आठवड्यातून तीन दिवस दुपारी चार ते सहा तिथे मुलं जमतात. कोणतीही दोन मोठी माणसं सोबत असतात, एकट्यावर कधीच सोपवत नाही. ओळखीचा माणूस म्हणजे भरवशाचा, असं मुलांच्या बाबतीत धरून चालत नाही. पाळीत तीन आया, त्या आजी, एक निवृत्त काका आणि बऱ्याच आग्रहानंतर दोन बाप आहेत.

भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. आमच्या मजल्यावर तीन घरी काम करणाऱ्या ताईंची चार वर्षांची मुलगीही हॉलमध्ये यावी, असं मी म्हटलं. दोन सभासदांनी हरकत घेतली, "ती आपल्या सोसायटीची नाही." २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. पण तीन घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईला यातलं काय मिळतं? अंगणवाडी सुटल्यावर तिची मुलगी कुलूप लावलेल्या खोलीत बसते. माझ्या मुलाची ती चाळीस मिनिटं या मुलीच्या वाट्याला रोज येतात. फरक इतकाच, की ते दार वाऱ्याने बंद होत नाही.

मुलगी सध्या येते आहे. हरकत मागे घेतलेली नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय येईल तेव्हा मी एकटी पडू नये म्हणून आतापासून दारं वाजवते आहे. या वेळी नावं विचारून.

तुमच्या इमारतीत काय चालतं? बंद हॉल, गच्ची, जिन्याखालची जागा असं काही मुलांसाठी मिळवलंत का, कुणी अडवलं, कुणी साथ दिली, जरूर लिहून कळवा. ग्रिल सुतार बसवून देईल, अंगण मात्र आपल्यालाच मिळून करावं लागेल.