परमिट नाही, तर पाण्यात पाय नाही!

कामगार बंधूंनो,

बंगळूरच्या सर्जापूर रोडजवळ कार्मेलाराम हे आपल्या रेल्वेचे स्थानक आहे. तिथे रुळांवरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. त्या तारेला हात लावायचा तर आधी पॉवर ब्लॉक, मग लेखी परमिट, मग कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड. परमिट हातात नसेल, तर साहेबाने सांगितले तरी आपला गडी टॉवर वॅगनवर चढत नाही. हा नियम कोणी मेहेरबानीने दिलेला नाही. त्यामागे कामगारांचे प्राण गेलेले आहेत.

त्याच रस्त्यावर उंच गृहसंकुले आहेत. आत पोहण्याचे तलाव, तलावात निळे दिवे. पुतण्याकडे गेलो असता तेथील बंद दिव्याची दुरुस्ती पाहिली. कंत्राटदाराचा विशीतला पोरगा सरळ पाण्यात उतरला. एमसीबी पाडलेला होता, पण त्याला कुलूप नाही, पाटी नाही. मेगर नाही, मीटर नाही. वायरच्या जोडाला चिकटपट्टी गुंडाळली, दिवा लागला, काम फत्ते! पोरगा सोलापूरकडचा निघाला. विचारले, "वायरमनचा परवाना आहे का रे?" म्हणाला, "काका, मी तलाव साफ करणारा. दिवा गेला की सुपरवायझर म्हणतो, बघ जरा."

"बघ जरा" म्हणजे लेखी काही नाही!

डिसेंबर २०२३ च्या अखेरीस जवळच्याच वर्तूर भागात एका संकुलाच्या तलावापाशी एक लहान मुलगी मरण पावली. मृत्यू विजेच्या धक्क्याने झाल्याचे तपासात पुढे आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सात जणांना अटक झाली. त्यांत रहिवासी संघाच्या अध्यक्षांबरोबर देखभालीची माणसेही होती. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील. आमचा सवाल एवढाच, की उद्या असे कुठे घडले तर तो सोलापूरचा पोरगा कोणता कागद दाखवणार?

व्यवस्थापन म्हणते, "दिवा १२ व्होल्टचा, त्यात धोका कसला?" पाण्यातल्या दिव्याला १२ व्होल्टपेक्षा जास्त एसी दाब नको, हा आंतरराष्ट्रीय दंडक खराच. पण ते १२ व्होल्ट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या अंगाला २३० व्होल्ट आहेत! तो विलगीकरणाचा सुरक्षा ट्रान्सफॉर्मर आहे की बाजारातला कसलाही, हे मोजल्या-तपासल्याशिवाय कळणार कसे?

काम अवघड नाही. पुरवठा तोडून कुलूप लावा. ट्रान्सफॉर्मरचा येणारा व जाणारा दाब जाणकाराने मोजावा. केबल दोन्हीकडून सोडवून मेगरने इन्सुलेशन तपासा. दिवा उघडला की गॅस्केट नवे घाला. पाण्याखाली जोड नकोच. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून पाहा. ती वारंवार पडत असेल तर गळती शोधा. तिला बगल देऊन थेट तार जोडणे म्हणजे खुनाची तयारी होय.

आमच्या मागण्या :

१) दिव्याचे काम परवानाधारक वायरमनकडेच द्यावे.
२) प्रत्येक कामाला सहीचे लेखी परमिट असावे.
३) चाचणीची नोंदवही तलावाशेजारी ठेवावी.
४) मूळ मालक व कंत्राटदार दोघांनाही जबाबदार धरावे.

आपल्या युनियननेही मनाला विचारावे. रेल्वेचे कुंपण संपले की आपला कामगार संपतो काय? परमिटचा हक्क आपण लढून टिकवला. आता तो कुंपणाबाहेरच्या भावालाही मिळवून देऊ या.

कामगार एकजुटीचा विजय असो!