ओसरीवरून : कामावरून घरीं आलेला माणूस

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांतील एकादा तरी मुलगा हल्लीं कारखान्यांत कामास आहे. पूर्वीं आमच्या लोकांची धांव कचेरी, शाळा आणि कोर्ट एवढ्यापुरतीच असे. आतां तसें राहिलें नाहीं आणि तें बरेंच झालें. परंतु कचेरींतून आलेला मनुष्य दिवसभर काय करून आला याची घरांतील वडील मंडळींस थोडीबहुत कल्पना असे. कारखान्यांतून आलेल्याचें तसें नाहीं. पगार किती, न्यावयास बस येते कीं नाहीं, नोकरी कायम केव्हां होणार, याच्या पलीकडे आमची चौकशी जात नाहीं. हें आम्ही दुसऱ्यास दोष देण्यासाठीं लिहीत नसून स्वतःच्याच घरची हकीकत सांगण्यासाठीं लिहीत आहों.

आमचा पुतण्या दोन वर्षें चाकणच्या बाजूच्या एका मोठ्या मोटारींच्या कारखान्यांत आहे. आठवड्यागणिक त्याची पाळी बदलते. गेल्या श्रावणापासून तो घरीं आला कीं कोणाशीं चकार शब्द न बोलतां आडवा होई. सूनबाई पान वाढून बसलेली असे. “काका, ह्यांनीं आजहि ताट तसेंच ठेवलें,” असें तिनें दोन-तीनदां सांगितल्यावर आम्हीं, चौतीस वर्षें मुलांना वळण लावण्यांत घालविलेलीं असल्यामुळें, तत्काळ निदान केलें कीं हा आळस आहे. मग त्यास समोर बसवून म्हणालों, “अरे, अशी नोकरी मिळावी म्हणून मुलें रांगा लावून उभीं असतात. जावयास बस, जेवावयास कँटीन, अंगावर कंपनीचे कपडे. तुला उणें तें काय आहे?” त्यानें सर्व ऐकून घेतलें आणि तो कूस बदलून निजला.

त्याच सुमारास आमच्या वाचनांत अमेरिकेंतील फोर्ड कंपनीचा इतिहास आला. डेट्रॉइट शहराच्या पोटांतच असलेल्या हायलंड पार्क येथील तिच्या कारखान्यांत १९१३ सालीं सरकती सांखळी सुरू झाली. पूर्वीं माणसें गाडीभोंवतीं फिरत; आतां माणसें जागच्या जागीं उभीं राहूं लागलीं आणि गाडी त्यांच्यासमोरून सरकूं लागली. एका गाडीचा सांगाडा जोडावयास जेथें साडेबारा तास लागत, तेथें पुढील वसंत ऋतूंत एक तास तेहतीस मिनिटें पुरूं लागलीं. हें सर्व जगाला ठाऊक आहे. त्याच १९१३ सालीं सुमारें १४,००० माणसें कामावर टिकविण्यासाठीं त्या कंपनीस वर्षभरांत ५२,००० हून अधिक माणसें भरती करावीं लागलीं, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. माणसें येत, कांहीं दिवस उभीं राहत आणि निघून जात. तीं सर्वच्या सर्व आळशी होतीं असें म्हणण्याचें धाडस आम्हांसहि झालें नाहीं.

५ जानेवारी १९१४ रोजीं कंपनीनें जाहीर केलें कीं, नऊ तासांच्या सुमारें सव्वादोन डॉलरांऐवजीं यापुढें आठ तासांचे पांच डॉलर मिळतील. फाटकाशीं हजारों लोकांची एवढी झुंबड उडाली कीं, ऐन हिंवाळ्यांत त्यांच्या अंगावर बंबाचें पाणी सोडण्यांत आलें. त्या पांच डॉलरांतील निम्मा भाग नफ्याचा वांटा म्हणून होता आणि तो वर्तनावर अवलंबून होता. दारू पितो कीं काय, शिल्लक किती टाकतो, घर स्वच्छ आहे कीं नाहीं, घरांत बाहेरचीं माणसें ठेवून घेतलीं आहेत काय, हें पाहण्यासाठीं कंपनीचे तपासनीस घरोघर जात. आमच्यासारख्या घरांत असा गृहस्थ आला असता तर चुलतसासूबाई, आतेभाऊ आणि शिकावयास राहिलेले भाचे यांचें नातें समजून घेतां घेतांच त्याची संध्याकाळ झाली असती. असो. वेतनवाढीचा गुण आला. माणसें टिकूं लागलीं.

पण याच जानेवारी महिन्यांत एका कामगाराच्या पत्नीनें नांव न घालतां खुद्द फोर्डसाहेबांस एक पत्र लिहिलें. तिचें म्हणणें थोडक्यांत असें : हे पांच डॉलर म्हणजे तुम्हांस वाटतें त्याहूनहि मोठें वरदान आहे, पण आमचीं माणसें तें पुरेपूर कमावतात, माझा नवरा घरीं येतो तो अंग टाकून देतो, जेवतहि नाहीं, यावर कांहीं उपाय नाहीं काय?

तें वाचून आम्हीं पुस्तक मिटलें. एवढ्या दूरच्या गांवची, शंभराहून अधिक वर्षांपूर्वींची ती बाई आणि आमच्या माजघरांत पान वाढून बसलेली सूनबाई यांच्या तक्रारींत आम्हांस अक्षराचाहि फरक दिसेना.

पुढल्या रविवारीं आम्हीं पुतण्याला ओसरीवर बोलावलें आणि, उपदेश न करण्याचें मनाशीं ठरवून, “सकाळीं फाटकांत शिरल्यापासून काय काय करतोस तें सांग,” असें विचारलें. प्रथम तो, सांगण्यासारखें कांहीं नाहीं, असेंच म्हणाला. मग हळूहळू बोलूं लागला. उजव्या बाजूच्या मागल्या दाराची रबरी पट्टी बसवावयाची, चार स्क्रू आंवळावयाचे. एवढ्यांत पुढचें दार समोर येतें. मध्यें मिनिटभराचेंहि अंतर नाहीं. एका पाळींत अशीं चारशेंवर दारें होतात. “पुरी गाडी मला दिसतच नाहीं काका, दारच दिसतें. रात्रीं डोळे मिटले कीं तेंच.”

आम्हीं विचारलें, “मध्येंच लघुशंकेस जावेंसें वाटलें तर?”

“हात वर करायचा. बदली माणूस मोकळा असला तर येतो. नसला तर दम धरायचा.” मग तो हंसून म्हणाला, “शाळेंत तुम्हांला करंगळी दाखवीत होतों, आतां आख्खा हात दाखवितों.”

तो हंसला, पण आम्हांस हंसूं आलें नाहीं. सातवींत तो आमच्याच वर्गांत होता. “खालीं बस, घंटा होईल आतां,” हें वाक्य आम्हीं किती करंगळ्यांना ऐकविलें असेल याचा हिशेब आतां कोठून लागणार!

यांत मुकादम दुष्ट आहे असें नाहीं. एकानें जागा सोडली तर सबंध ओळ थांबते. कंपनीच्या सोयीहि खोट्या नाहींत. आमच्या वहिनींच्या शस्त्रक्रियेचा खर्च तिच्याच विम्यांतून झाला. ‘यंत्र’ हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ आंवळून धरणें असा आहे. हें आम्ही वर्गांत फळ्यावर लिहून देत असूं, पण तें आंवळणें कसें असतें हें त्या दिवशीं प्रथम कळलें. फोर्डनें १९२२ च्या आत्मवृत्तांत आपल्या कारखान्यांतील ७,८८२ निरनिराळ्या कामांची मोजदाद दिली आहे. त्यांपैकीं ६७० कामें दोन्ही पाय नसलेल्या माणसांस आणि १० कामें अंधांस करतां येण्याजोगीं होतीं. ज्यांना कोणी दारांत उभें करीत नव्हतें त्यांना अन्न मिळालें, ही गोष्ट थोर आहे. परंतु एकेका कामाला सबंध माणसांतला किती थोडा भाग लागतो, हेंहि त्याच आंकड्यांत लिहिलेलें आहे. आणि उरलेला भाग? तो त्या ओळींत मुकाट्यानें उभा असतो. फोर्डच्या कारखान्यांत बोलण्यास मनाई असल्यामुळें कामगार ओंठ न हालवितां बोलावयास शिकले होते. कंपनीनें त्यांच्या संघटनेशीं करार केला तो १९४१ सालीं.

आमच्या पुतण्यानें आतां देखभाल-विभागांत बदलीसाठीं अर्ज दिला आहे. तेथें बिघडलेलें यंत्र सबंध समोर येतें आणि त्याचा रोग शोधावा लागतो. त्यासाठीं पुढल्या महिन्यांत परीक्षा आहे. आमचे बंधु यास राजी नाहींत. ओळींतील माणूस कायम लवकर होतो आणि जादा कामाचे पैसेहि मिळतात, हा त्यांचा मुद्दा खोटा नाहीं. घरांत वाद चालू आहे. आम्हीं मात्र एवढेंच केलें आहे कीं, तो आल्यावर अर्धा तास त्यास कोणीं कांहीं विचारावयाचें नाहीं आणि नंतर त्याच्या शेजारीं आमचेंहि पान मांडावयाचें. परवां तो आपण होऊन सांगूं लागला कीं, पट्ट्यांचा एक सबंध खोका उलट्या कडेचा आला होता. तो त्याच्या लक्षांत आला आणि त्यानें मुकादमास दाखवून ओळ थांबवावयास लावली. सांगतां सांगतां त्यानें भात दोनदां घेतला. सूनबाईनें आमच्याकडे पाहिलें आणि ताकाचें भांडें पुढें केलें.